गल्लीची रंगीत तालीम

सोमवार, ५ फेब्रुवारी

गल्ली बंद झाली. म्हणजे गाड्यांना बंद आणि माणसांना उघडी. हे आज इतक्या जणांना समजावून सांगितलं की घसा बसला.

नाट्यगृहापासून संगीत शाळेपर्यंतची ही गल्ली. मध्ये नाटकांचे कपडे भाड्याने देणारं दुकान, ज्याला इथे सगळे कपडेपट म्हणतात. समोर नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरकाकांची लांबलचक खोली. एक चहावाला. आणि शाळेच्या खिडक्यांतून दिवसभर एकच ओळ घोटणारी मुलं. एवढी श्रीमंत गल्ली, पण परवापर्यंत तिथे चालायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधून गाड्या चालत्या, आणि उरलेल्या वीतभर जागेतून वाद्याची पेटी छातीशी धरून आडव्या सरकणाऱ्या मुली.

महिनाभर प्रयोग म्हणून पालिकेतल्या आमच्या विभागाने इथे गाड्या बंद केल्या आहेत. कल्पना आमच्या मॅडमची, पण नकाशा माझा. बाकं कुठे, कुंड्या कुठे, तोंडाशी लोखंडी खांब कुठे, सगळं मी काढलं. माझ्या हातचं पहिलं काम. मोठे साहेब चोवीस तारखेला स्वतः येऊन बघणार. गल्लीतल्या लोकांना हे नको असेल तर बाकं गोदामात आणि गाड्या परत जागेवर. "आणि मग पुढची दहा वर्षं असलं काही कोणी मांडूही देणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्या शांतपणे म्हणाल्या म्हणून जास्त धसका बसला.

आज बाकांवर बसलेले एकूण: एक कुत्रा.

कपडेपटवाल्या काकू दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आमच्या गल्लीचं स्टेशन केलंस का गं? गाडी कितीची आहे?" गल्लीत त्यांचा शब्द चालतो. त्या हसल्या की सगळे हसतात, आणि आज सगळे हसले.

घरी बाबांनी बारीक चौकशी केली. बाबा टेम्पो चालवतात. पूर्वी नाटकांचं सामानही न्यायचे, म्हणून मी आधीच विचारून ठेवलं होतं की तुम्हाला अडचण नाही ना. तेव्हा म्हणाले, "छे, नाटकवाल्यांचं काम मी सोडलं. आता फर्निचर बाजार धरलाय." आज विचारत होते, "गाड्या बंद म्हणजे सगळ्या?"

"सगळ्या. एक अपवाद केला की त्यामागून पन्नास येतात."

"बरोबर आहे," म्हणाले आणि कपात बघत राहिले. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "पदवीधर बाई, जेवून घ्या." आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नाही, त्यामुळे ही थट्टा जन्मभर पुरणार आहे.

बुधवार, ७ फेब्रुवारी

बाकं मी एका ओळीत, नाट्यगृहाकडे तोंड करून लावली होती. इमारत सुंदर आहे, लोकांनी ती बघत बसावं असा विचार. आज संगीत शाळेच्या मुलींनी दोन बाकं ओढून समोरासमोर केली आणि डबे उघडून बसल्या. मी त्या गेल्यावर ती परत सरळ केली. दुपारी येऊन बघते तर परत समोरासमोर, आणि आता तीन.

बाकं काकूंच्या दुकानासमोरूनही गेली. पण एक तिथे उरलं होतं आणि त्यावर साक्षात काकू बसलेल्या. मी हसले.

"मी बसलेली नाही," काकू म्हणाल्या. "मी टेम्पोची वाट बघतेय."

"बसा ना काकू, बसायलाच आहे ते."

"तुझ्या बाकामुळे तर वाट बघावी लागतेय. आधी टेम्पो दाराशी यायचा. पेट्या उतरवल्या की झालं. आता तो बिचारा मोठ्या रस्त्यावर उभा करतो आणि एकेक पेटी डोक्यावरून आणतो. तुला काय, तू रेघ मारलीस."

मी म्हणाले की मोठ्या बदलात सुरुवातीला थोडा त्रास होतोच. काकूंनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मोठ्या रस्त्याकडे मान वळवली.

शनिवार, १० फेब्रुवारी

बाकं सरळ करणं सोडून दिलं. नकाशात बदल केला आणि खाली लिहिलं: बाकं वापरणाऱ्यांच्या सोयीप्रमाणे. मॅडमनी वाचून भुवई उंचावली, पण सही केली.

आज एकूण सव्वीस माणसं बसलेली मोजली आणि मग मोजणं विसरले, कारण चहावाल्याने बोलावलं आणि मीच सत्ताविसावी झाले.

काकूंशी पुन्हा झटापट. पण एक फार आशादायक गोष्ट कळली. त्यांच्या टेम्पोवाल्याला गल्लीत सगळे टेम्पोमामा म्हणतात. काकू म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं, साहेब आले की तूच सांग तुझे हाल. तर मला म्हणतो, थोडे दिवस बघा, पोरगी मनापासून करतेय. पेट्या त्यानेच डोक्यावर वाहायच्या आणि बाजूही तुझीच घ्यायची. येडा आहे झालं."

मी भारावूनच गेले. ज्याचं नुकसान होतंय तोच माणूस उद्याचा विचार करतो. शिकलेल्यांत तरी किती जण एवढा लांबचा विचार करतात? या टेम्पोमामांना भेटायचं ठरवलं आहे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

टेम्पोमामा भेटत नाहीत. मंगळवारी मी पोचले तेव्हा पेटी दारात होती आणि मामा गेलेले. काल मुद्दाम लवकर गेले. काकू म्हणाल्या, "आत्ताच होता गं. तू कोपऱ्यावर दिसलीस आणि त्याला काय आठवलं कोण जाणे, पेंटरच्या खोलीतून मागच्या दाराने गेला." बहुधा लाजाळू असावेत.

घरी बाबांना विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का हो कोणी टेम्पोमामा? नाटकांचं सामान नेतात."

बाबा म्हणाले, "टेम्पोवाले पुष्कळ असतात."

"यांचे विचार फार प्रगत आहेत."

आईला एकदम ठसका लागला. पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बाबांचा खांदा दुखतोय. आठवडाभर आई रोज बाम चोळून देते. फर्निचरचं काम वाईट, कपाटं जड असतात. मी म्हटलं, बाबा, हे नवीन काम सोडा आणि जुनं धरा. बाबा म्हणाले, "बघू. या महिन्याअखेर काय ते ठरेल." बाजाराचा काही करार असणार.

आई बाम चोळता चोळता म्हणाली, "तुझ्या त्या गल्लीला एखादं दार ठेवायचंस." मी म्हटलं, आई, गल्ली सगळ्यांना उघडीच आहे, हीच तर कल्पना आहे. आई म्हणाली, "हो का," आणि इतक्या जोराने चोळलं की बाबा ओरडले.

सोमवार, १९ फेब्रुवारी

वाईट दिवस. काकूंनी साफ सांगितलं की साहेबांसमोर त्या "नको" म्हणणार. चहावाला म्हणाला, माझा धंदा वाढलाय, पण काकूंच्या विरुद्ध मी कसा बोलू. नाट्यगृहाचे मॅनेजर म्हणाले, प्रेक्षक खूश आहेत, पण काकूंनी कपडे अडवले तर माझे राजे गंजीफ्रॉकवर उभे राहतील.

मला वाटत होतं, चांगली गोष्ट दिसली की लोक आपोआप येतात. येतात तर खरे. रोज संध्याकाळी बसायला जागा नसते. काकूसुद्धा रोज त्या बाकावर बसून टेम्पोची वाट बघतात, टेम्पो सकाळीच येऊन गेलेला असला तरी. आणि तरीही त्या नको म्हणणार. का, ते मला खरंच कळत नाही.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "काकू अगदी नकोच म्हणतात?" मग बराच वेळ खांदा दाबत बसले. म्हणाले, "उद्या काही वेगळं म्हणतील. तू तुझं काम कर."

मंगळवार, २० फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, साहेब येण्याआधी लोकांना एक सूचना लाव. सगळे हजर राहिले पाहिजेत, गल्ली भरलेली दिसली पाहिजे. सरकारी भाषा मला आवडत नाही. ही नाटकवाल्यांची गल्ली, तेव्हा त्यांचाच एक शब्द घेतला. मोठ्या अक्षरांत लिहून खांबाला लावलं:

"शनिवारी सकाळी दहा वाजता आपल्या गल्लीची रंगीत तालीम. सर्वांनी तयारीनिशी यावे."

म्हणजे, कायमचा निर्णय होण्याआधीची शेवटची चाचणी. मॅडमना फार आवडलं. मलाही. नुसतं "पाहणी" लिहिण्यापेक्षा किती जिवंत आहे.

ता. क. काकू आज स्वतःहून म्हणाल्या, "बघू, अजून ठरवलं नाही." मामा त्यांच्याशी तासभर बोलत होते म्हणे.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सूचनेचा परिणाम अफाट आहे. जो भेटतो तो चौकशी करतो.

पेंटरकाकांनी विचारलं, "रंगीत म्हणजे किती रंगीत?" मी म्हणाले, जितकी करता येईल तितकी. ते एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "मग आजच सुरुवात करायला हवी."

मॅनेजरांनी विचारलं, "पूर्ण कपड्यांत ना?" मी म्हणाले, अहो मॅनेजर, कपड्यांतच यायचं, साहेब येणार आहेत. ते हसले नाहीत. मान डोलावून गेले. माणूस विनोद करतो आणि स्वतः हसत नाही, हे मला आवडलं.

काकू दारातून ओरडल्या, "कुठल्या काळातलं?"

मला वाटलं, गल्लीचं रूप कसं असावं असं विचारतात. मी म्हणाले, "काकू, सगळ्या काळांना इथे जागा असावी."

"सगळे काळ?" काकूंनी कपाळाला हात लावला. "गोदामातून पेट्या आणाव्या लागतील." आणि टेम्पोमामांना निरोप धाडायला निघाल्या. गल्लीसाठी त्या काहीतरी करायला लागल्या आहेत. काय ते कळलं नाही, पण विचारून उत्साह मोडायचा नाही असं ठरवलं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आजचं सगळं सावकाश लिहिणार आहे.

साडेनऊला मी कोपऱ्यावरून वळले आणि तिथेच थांबले. चहाच्या टपरीपाशी एक राजा बशीत चहा ओतून पीत होता. त्याच्या शेजारी दोन शिपाई, पण एक भाल्याचा आणि एक बंदुकीचा, मध्ये निदान तीनशे वर्षांचं अंतर. संगीत शाळेच्या मुली पंख लावून बसलेल्या. चहावाल्याच्या अंगावर वकिलाचा काळा डगला. शाळेचे गायन शिकवणारे सर, जे कोणाशी बोलत नाहीत, ते चेटकिणीचं नाक लावून आवाज मोकळा करत होते.

आणि खाली रस्ता. पेंटरकाकांनी माझ्या कुंड्यांतल्या प्रत्येक रोपाची सावली रंगवली होती. रोपं गुडघ्याएवढी, पण सावल्या पूर्ण वाढलेल्या झाडांच्या. फांद्या, पानं, पानांमधून पडणारे उन्हाचे कवडसे. संपूर्ण गल्लीभर. माणसं चालताना आपोआप त्या सावलीतून चालत होती. मीही चालले. गार वाटलं. खरंच वाटलं.

मॅनेजर सरदाराच्या वेषात पुढे आले. "दिग्दर्शक उशिरा आल्या. घंटा द्यायची का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाटकवाल्यांना रंगीत तालीम सांगितली तर ते काय करणार? वेष करणार, रंग लावणार, पूर्ण मांडणी करणार आणि अगदी वेळेवर येणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी लिहिलं एक आणि गल्लीने वाचलं ते खरं.

"मॅनेजर," मी म्हणाले, "ही तालीम म्हणजे... साहेब बघायला येणार होते फक्त."

"मग प्रेक्षकही आहे. उत्तम." आणि त्यांनी घंटा दिली.

मोठे साहेब त्याच क्षणी पोचले. सोबत मॅडम. साहेबांनी एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा मॅडमकडे, एकदा हातातल्या कागदाकडे. मॅडमचा तसा चेहरा मी पुन्हा कधी बघू नये. साहेबांनी विचारलं, "इथले दुकानदार कोण आहेत?" पंधरा-वीस हात वर झाले, त्यात राजाचाही.

"महाराज, तुमचं दुकान कशाचं?"

"वाद्यं दुरुस्त करतो," राजा म्हणाला. "तिकडे, निळं दार."

साहेबांनी लिहून घेतलं. हसणं दाबताना त्यांची मिशी हलत होती, हे मला दिसलं, पण तेव्हा विश्वास बसला नाही.

मग काकू आल्या. डोक्यावर मुकुट, अंगावर सोनेरी झगा. चाल अशी की साहेबही बाजूला झाले. "साहेब, मला सांगायचंय," त्या म्हणाल्या.

पण त्यांचं लक्ष गल्लीच्या तोंडाकडे गेलं. "अरे, आला. सिंहासन आलं. मामा, इकडे."

लोखंडी खांबांपलीकडे मोठ्या रस्त्यावर एक टेम्पो उभा होता. निळा, पुढच्या काचेवर माझ्या शाळेतल्या अक्षरांत लिहिलेलं "हळू जा". आणि दोन खांबांच्या मधून, पाठीवर उलटं सिंहासन घेऊन, वाकून वाकून एक माणूस येत होता. सिंहासनाचे चारही पाय वर. खाली दोन पाय, ते मी ओळखते. त्या चपलांचे अंगठे मी शिवून आणले होते.

"बाबा," मी म्हणाले.

सिंहासन थांबलं.

बाबांनी सिंहासन खाली ठेवलं, कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न बघता काकूंना म्हणाले, "कुठे ठेवू?"

काकू म्हणाल्या, "ही तुझी मुलगी?"

"हो."

"तीन आठवडे झाले, रोज मी तुझ्यासमोर हिला शिव्या घालतेय. एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही हिच्याशी खरं बोलला नसतात," बाबा म्हणाले. "सगळे हो हो म्हणाले असते. मग हिला काय कळलं असतं?"

मी त्यांच्याजवळ गेले. बाबा हळूच म्हणाले, "आत्ता काही बोलू नकोस. छान चाललंय. साहेब खूश आहेत. माझं बघू नंतर."

साहेब खूश होते, हे खरं होतं. मी गप्प राहिले असते तर बहुधा गल्ली मंजूर झाली असती, जशी आहे तशी, खांबांसकट. आणि सोमवारी बाबांनी पुन्हा पेट्या डोक्यावर घेतल्या असत्या, आणि मी घरी येऊन त्यांना प्रगत विचारांच्या टेम्पोमामांबद्दल सांगत बसले असते. बोलले असते तर साहेब म्हणाले असते की योजना कच्ची आहे, बंद करा. दोन्हीकडे मीच हरत होते. पण एका बाजूला बाबांचा खांदा होता.

"साहेब," मी म्हणाले, "या नकाशात एक चूक आहे आणि ती माझी आहे. ही गल्ली सामानावर जगते. कपडे, पडदे, वाद्यं. मी माणसांना रस्ता दिला, पण सामानाला दिलाच नाही. काकू पहिल्या दिवसापासून तेच सांगत होत्या. मला ती कुरकुर वाटली." मी खांबांकडे बोट केलं. "खांब काढता-घालता येणारे हवेत. सकाळी दहापर्यंत सामानाच्या गाड्या आत, मग दिवसभर माणसं, मग संध्याकाळी सातनंतर पुन्हा सामान. हे मला आधीच सुचायला हवं होतं."

चेटकिणीने नाक काढलं.

मग मॅनेजर म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात, "चूक तालमीत निघाली ना? मग झालं. प्रयोगात निघाली असती तर पंचाईत."

"हेच मला सांगायचं होतं," काकू म्हणाल्या. "नको असं नव्हतं सांगायचं. दार ठेवा, एवढंच. बाकं राहू द्या. मी बसत नाही, पण राहू द्या."

साहेबांनी विचारलं, "मग गल्ली अशी हवी कोणाकोणाला?"

हात वर झाले. पंख, भाले, बंदूक, वकिलाचा डगला, सगळे.

साहेब म्हणाले, "तुमची दोन मतं लिहू का काकू? दोन्ही हात वर आहेत."

"एक दुकानदाराचं मत," काकू म्हणाल्या, "आणि एक राणीचं."

मग टेम्पोत उरलेलं सामान आणायला सगळे निघाले. राजवाड्याचा दरवाजा सहा सैनिकांनी उचलला. पऱ्यांनी पेट्या घेतल्या. बाबांनी हात पुढे केला की कोणीतरी म्हणायचं, तुम्ही नाही मामा. शेवटी ते रिकाम्या हातांनी गल्लीतून चालत आले, रंगवलेल्या सावल्यांमधून. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी. त्यांना हातांचं काय करावं तेच कळत नव्हतं.

रविवार, २५ फेब्रुवारी

आईला म्हणाले, तुला सगळं माहीत होतं. आई म्हणाली, "मला ठसका कशाचा लागला असं वाटलं तुला?"

बाबांवर मी चिडले. म्हणाले, मला का नाही सांगितलंत? बाबा म्हणाले, "तू सगळ्या गाड्या म्हणालीस. मी विचारलं होतं." मग थोड्या वेळाने, "तुला पहिल्यांदा काम मिळालं होतं. त्यात मी कसा आडवा येऊ?"

मला रडू आलं. तर बाबा म्हणतात, "रडू नकोस, बाम लाव. आज तुझी पाळी."

शुक्रवार, १ मार्च

मंजूर. कायमची. खांबांना कुलूप, किल्ली माझ्याकडे. मॅडमनी आदेश वाचून दाखवला आणि मग म्हणाल्या, "यापुढे सूचना मला दाखवून लावायच्या." मी म्हणाले, ती तुम्हाला दाखवली होती. मॅडम म्हणाल्या, "हो. तेच म्हणतेय."

पेंटरकाकांच्या सावल्या आदेशात "पृष्ठभागावरील रंगकाम" म्हणून आल्या आहेत. त्या पुसायच्या नाहीत असं साहेबांनी हाताने लिहिलं आहे.

सोमवार, ४ मार्च

आज नव्या नियमाचा पहिला दिवस. आठला मी खांब काढला आणि पहिला टेम्पो आत आला तो निळा. बाबा दाराशी थांबून म्हणाले, "मॅडम, आत जाऊ का?" मी म्हणाले, जा, पण दहाला खांब लागेल.

पेट्या काकूंच्या दाराशी उतरल्या. पाच मिनिटांत. मग काकूंनी चहा मागवला आणि दोघं बोलत बसले. दहाला पाच कमी असताना मी हाक मारली. बाबा म्हणाले, "हो हो, निघालोच." दहाला हाक मारली. बाबा हात हलवून म्हणाले, "एवढा कप." काकू म्हणाल्या, "अगं, बाप आहे तुझा."

मी खांब लावला आणि कुलूप घातलं.

बाबा आले, कुलूप बघितलं, मला बघितलं. रागावतील असं वाटलं. पण त्यांनी जो पहिला माणूस दिसला त्याला बोलावून सांगितलं, "माझा टेम्पो अडकवला माझ्या मुलीने. सोडत नाही म्हणते." मग दुसऱ्याला सांगितलं. दिवसभर गल्लीतून जो गेला त्याला सांगितलं. दुपारी आईला बोलावून घेतलं, केवळ तिला ते कुलूप दाखवायला. आईने कुलूप हलवून बघितलं आणि म्हणाली, "पक्कं आहे."

संध्याकाळी शाळेच्या मुलींनी विचारलं, टेम्पो नुसताच उभा आहे तर वर बसू का? बाबांनी मागचा फाळका उघडला, फडक्याने पुसला आणि एकेकीला हात देऊन वर घेतलं. चेटकीण झालेले सर पेटी घेऊन वर चढले. खाली बाकं ओढली गेली, या वेळी सगळी टेम्पोकडे तोंड करून. मीही एक ओढलं. आई आणि काकू शेजारी बसल्या. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर, दार उघडं, पाय बाहेर, आणि मान मागे वळलेली.

सात वाजता मी जाऊन कुलूप काढलं, खांब बाजूला केला आणि बाबांना खूण केली की रस्ता मोकळा आहे.

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. गाणं चालू होतं.